अडीच आवर्तनांचं चाक

ताशी वीस किलोमीटर वेगाने धावणाऱ्या विजेच्या स्केटबोर्डचा पट्टा तार सप्तकातला पंचम लावतो. ही कविकल्पना नव्हे, हिशेब आहे. चाक ९० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्यात ते साधारण २८३ मिलिमीटर रस्ता कापणार. ताशी वीस म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटरच्या जरा वर, म्हणून चाकाचे सेकंदाला जवळजवळ वीस फेरे. चाकाच्या पुलीला चाळीस दाते, आणि प्रत्येक दाता पट्ट्याला एकेक थापटी देणार. झाल्या सेकंदाला ७८६ थापट्या. पेटीवर पांढरी एकचा सा धरला तर वरचा पंचम ७८४ चा. दोनाचा फरक आमच्या गल्लीतल्या पेटीत कायमच असायचा, तेव्हा तो सोडून द्या. बोर्डाला मध्य सप्तकातला षड्ज लावायला सांगायचं असेल तर वेग ताशी पावणेसातच्या आत आणावा लागतो, आणि त्या वेगाने तर मी तरुणपणी स्टेशन गाठायला चालायचो.

“आजोबा, तो सूर मला चालतो. मधली ती टकटक घालवायची आहे,” नातू म्हणाला.

म्हणजे तक्रार सुराची नव्हती, लयीची होती. ते ऐकून मला हुरूप आला. माझी उभी हयात इचलकरंजीत गेली. विष्णु दिगंबर पलुस्करांचे गुरू बाळकृष्णबुवा ज्या गावाचं नाव लावायचे ते हे गाव, आणि १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तेही हेच. आमच्याकडे माग दुरुस्त करणाऱ्याला जॉबर म्हणतात. शेडमध्ये पन्नास माग एकदम धडाडत असताना जॉबर दारातून आत यायचा, जरा थांबायचा आणि नेमक्या बिघडलेल्या मागापाशी जाऊन उभा राहायचा. मी मेंटेनन्समध्ये नवा असताना या माणसांकडून एक गोष्ट उचलली. “आवाज कुठून येतोय?” असं ते कधी विचारत नसत. “किती फेकींनी येतोय?” असं विचारत. धोट्याच्या दर फेकीला येतो, की एक सोडून एक, की मध्येच केव्हातरी? जागेबद्दल कान फसवतो, विशेषतः पत्र्याच्या शेडमध्ये. मोजणीत सहसा फसवत नाही.

सध्या मुक्काम लेकीकडे, बंगळुरूच्या व्हाइटफील्डला. इथल्या सोसायट्यांमध्ये माझ्यासारखी माणसं भरपूर: मुलांच्या नोकऱ्या टेक पार्कात, नातवंडं इंग्रजी-कन्नड-मराठीची मिसळ बोलणारी, आणि आम्ही सकाळी चालायला जाऊन “तुम्ही सातारचे का?” असं विचारत फिरणारे. आवाजाला इथे तोटा नाही. पाण्याचे टँकर, कंटेनर डेपोकडे जाणारे ट्रेलर, कडुगोडीकडून येणारी रेल्वेची शिट्टी, आणि मार्च २०२३ पासून डोक्यावरून जाणारी मेट्रो. पण आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरलं की सगळं बंद. तिथे नातवाचा बोर्ड चालू झाला की भिंती तो आवाज परत करतात, त्यामुळे तपासणीला जागा झकास.

बोर्ड त्याने स्वतःच जोडलाय. फळी आणि चाकं बाजारातली, मोटरा आणि बॅटरी मागवलेली, कंट्रोलर बेंजामिन वेडर नावाच्या स्वीडिश इंजिनियरने जगाला मोकळा करून दिलेल्या आराखड्यावरचा. मागच्या दोन चाकांना दोन मोटरा. मोटरच्या दांड्यावर सोळा दात्यांची छोटी पुली, चाकाला चाळीस दात्यांची मोठी, आणि दोन्हींवरून रबराचा, आतून दाते असलेला, एकावन्न दात्यांचा पट्टा. दोन दात्यांमधलं अंतर पाच मिलिमीटर.

आता हे आकडे पुन्हा एकदा वाचा. सोळा म्हणजे तीनताल. मोटरचा एक फेरा म्हणजे एक आवर्तन. चाकाचा एक फेरा चाळीस मात्रांचा, म्हणजे अडीच आवर्तनं. आणि पट्ट्याचा पूर्ण फेरा एकावन्न मात्रांचा, म्हणजे तीन आवर्तनं आणि वर तीन मात्रा. ज्याने हे आकडे ठरवले त्याने तबल्याचा विचार केला नसणार हे उघड आहे. पण त्या वरच्या तीन मात्रांमुळे पट्ट्याचा एकच एक दाता पुलीच्या त्याच त्या खाचेत दर वेळी पडत नाही. तो सरकत सरकत सगळ्या खाचांना भेटून येतो, म्हणून झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. सोळा आणि एकावन्न यांना एकाशिवाय सामाईक भाजक नाही. गिअर कापणारे जुने लोक हे जाणून होते आणि मुद्दाम असे अडनिडे आकडे निवडत.

दुरुस्तीत याचा उपयोग असा, की टकटक दर चाकफेऱ्याला एकदा येत असेल तर दोष चाकाकडे: मोठी पुली, तिचे बोल्ट, चाकाचं बेअरिंग. चाकाच्या एका फेऱ्यात अडीच वेळा येत असेल तर मोटरकडे. आणि चाकाच्या खुणेपेक्षा दर फेऱ्याला थोडी मागे पडत पडत येत असेल, तर पट्ट्यातच एखादा दाता फाटलेला. बोर्ड चालवताना हे मोजणं अशक्य आहे. तो उलटा ठेवून, चाकावर, पट्ट्यावर आणि छोट्या पुलीवर व्हाइटनरचा एकेक ठिपका देऊन, हाताने सावकाश फिरवला तर शाळकरी पोरही मोजू शकेल.

नातवाने मात्र आधीच नवा पट्टा आणून घातला होता. त्याची पिढी संगणकाच्या प्रोग्रॅममधली चूक शोधताना एका वेळी एकच ओळ बदलते, आणि यंत्र समोर आलं की दुकान गाठते. नवा पट्टा घातला, टकटक तशीच. मग त्याने पट्टा ताणला. टकटक तशीच, वर एक कुंई सुरू झाली. ती स्वाभाविक होती. फार ताणलेला पट्टा मोटरच्या बेअरिंगला एका बाजूला ओढून धरतो. बेअरिंग गरम होतं, बॅटरी लवकर उतरते आणि आवाज चढतो. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर एवढा आखूड पट्टा दोन-तीन मिलिमीटर आत गेला की पुरे. कारखान्यांत पट्टा छेडून त्याचा सूर मोजणारी उपकरणंही वापरतात. तानपुरा लावणाऱ्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे पट्टे काढून ठेवणं. यंत्रातले संशयित एकत्र बसवून ठेवले तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. पट्टे काढले, बोर्ड दोन विटांवर उलटा ठेवला आणि मोटर नुसती फिरवली. आवाज गुळगुळीत. मोटर सुरू होताना धक्के देत असती, घरघरत असती, तर तिच्या तीन तारांपैकी एखादी ढिली किंवा तुटलेली असण्याची शक्यता होती. असा विजेचा दोष ऐकायला अगदी दात्यांच्या दोषासारखा लागतो आणि भलेभले त्यात पुल्या बदलत बसतात. आतलं एखादं लोहचुंबक सुटलं असतं तर पत्र्यावर नख ओढल्यासारखं खरखरलं असतं. तसंही काही नाही. मोटर सुटली.

मग बेअरिंग. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकाच्या मध्यावर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि नातवाला चाक फिरवायला सांगितलं. जगातल्या प्रत्येक जुन्या मेकॅनिकला हा स्टेथोस्कोप माहीत आहे. दाराशी बसलेला वॉचमन उठून बघायला आला, कारण डोकं टेकून स्केटबोर्डची नाडी बघणारा म्हातारा त्याने आधी पाहिला नसावा. बेअरिंगमध्ये वाळू असती तर कानात चक्क रवा भाजल्यासारखं आलं असतं. नव्हती. या बेअरिंगचा नंबर ६०८: आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२. साल २०१७ मध्ये पोरं बोटांवर जो भिरभिरा फिरवत होती त्याच्या मध्यभागीही हेच. स्वस्त, कुठेही मिळणारं आणि विनाकारण बदललं जाणारं.

पट्टे परत चढवले, ठिपके दिले आणि हाताने फिरवायला घेतलं. चाकाचा ठिपका वर आला की बोटाला किंचित अडखळ लागायची. पुढच्या फेऱ्याला पुन्हा तिथेच. पट्ट्याचा ठिपका तोवर मागे राहिलेला, छोट्या पुलीचा भलतीकडेच. म्हणजे दर चाळीस मात्रांनी एक, नियमित. दोष मोठ्या पुलीत. टॉर्च धरून खाचा बघत गेलो तर एका खाचेच्या तळाशी करड्या रंगाची चकती होती. व्हाइटफील्डमध्ये कायम कुठेतरी बांधकाम चालू असतं आणि दगड दळून केलेली वाळू ट्रकमधून सांडत जाते. तिचा एक खडा खाचेत पडला होता, पट्ट्याने त्याला हजारो वेळा दाबलं होतं आणि पुलीच्या प्लॅस्टिकमध्ये त्याचं बूच बसलं होतं. लेकीच्या शिवणाच्या डब्यातलं दाभण आणून तो उकरला. टकटक बंद.

नातू खूश झाला. मी झालो नाही, कारण त्याने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती: तळघराच्या उतारावर ब्रेक लावला की कधीकधी टर्रर्र असं होतं. तो दोन्ही आवाज एकाच आजाराचे समजत होता. मला ते दोन आजार वाटत होते, आणि दुसरा जास्त वाईट.

इथे पट्ट्याबद्दल थोडं बोलायला हवं. आमच्या पिढीला पट्टा म्हणजे सपाट, चामड्याचा नाहीतर कॅनव्हासचा, पिठाच्या गिरणीत इंजिनापासून जात्यापर्यंत हेलकावे खात जाणारा. तो घसरायचा. गिरणीवाला त्याला राळ लावायचा, तरी घसरायचा. जुन्या कारखान्यांत छताखालून एक लांब दांडा फिरत असे आणि खालची सगळी यंत्रं आपापल्या पट्ट्याने त्याच्यावरून ताकद घेत. त्या व्यवस्थेत घसरणं हा गुण होता. यंत्र अडकलं की पट्टा घसरायचा किंवा उतरायचा, आणि दाते, दांडे, कधी कामगाराची बोटंही वाचायची. पुढे शिलाई मशीनमध्ये वरची सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ चुकू नये म्हणून अमेरिकेत १९४० च्या दशकात पट्ट्याला आतून दाते आले. दात्यांचा पट्टा घसरू शकत नाही. त्याच्यावर फार जोर आला की तो उडी मारतो. घसरणारा पट्टा ताकद हळूहळू सोडतो, हा एका क्षणात सगळी सोडतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा पकडतो. ती टर्रर्र म्हणजे ओळीने मारलेल्या उड्या.

उडी मारायला फार काही लागत नाही. या पट्ट्याच्या दात्याची उंची जेमतेम दोन मिलिमीटर. पुल्या एवढ्या जवळजवळ असतात की छोट्या पुलीच्या सोळा दात्यांपैकी एका वेळी फक्त सहाच्या आसपास पट्ट्यात रुतलेले असतात. माणसाचं सगळं वजन उतारावर रोखायचं ते दोन्ही बाजूंच्या अशा सहा-सहांनी. शिवाय ब्रेक लावला की ओढीची बाजू बदलते. वेग घेताना पट्ट्याची जी बाजू ताठ असते ती ढिली पडते आणि ढिली असते ती ताठ होते. म्हणून पुढे जाताना शहाण्यासारखा वागणारा पट्टा थांबवताना दगा देतो. बरेच जण बोर्ड जागेवर उभा असताना पट्टा दाबून बघतात आणि “टाइट आहे की” म्हणतात. उभ्या यंत्राने दिलेली ग्वाही मी धरत नाही.

आम्ही बोर्ड जमिनीवर ठेवला. नातवाने रिमोटवर ब्रेक धरून ठेवला आणि बोर्ड दोन्ही हातांनी पुढे रेटला. मी जमिनीवर गाल टेकून मोटरकडे बघत राहिलो. चाक हटेना, पण मोटर हलली. नखाच्या जाडीइतकी, चाकाच्या दिशेने. मोटर ज्या पट्टीवर बसते तिला लांबट खाचा असतात, पट्टा ताणता यावा म्हणून. त्या खाचांतल्या चारांपैकी दोनच बोल्ट घातलेले होते आणि त्या दोन्हींखाली स्प्रिंग वॉशर नव्हते. साधं चाललं की मोटर जागेवर, ब्रेकचा झटका बसला की ती खाचेतून सरकणार, पट्टा सैल पडणार आणि दाते वर चढणार. मग परत ताणला की तेवढ्यापुरतं बरं. तो दर वेळी पट्टा ताणत होता आणि मूळ जिथे होतं तिथे पानाच लागत नव्हता.

बोल्ट आणायला मेट्रोने मॅजेस्टिक आणि तिथून गाडी बदलून चिक्कपेटला गेलो. बोल्ट घरपोच येतात हे मला ठाऊक आहे. पण त्या पेठेकडे जायला मला निमित्त हवंच असतं. भारतातल्या सोन्याच्या बाजारात विटा-खानापूरकडचे सोनं गाळणारे गलाईवाले नसतील असं सहसा होत नाही, आणि अशा गल्लीत कानावर आपल्याकडच्या बोलीतलं “काय पावणं, कुठलं?” पडलं की पाय रेंगाळतो. पुढे हार्डवेअरच्या दुकानात एक बोल्ट मागितला तर दुकानदार आधी तो हातात घेऊन आटे बघतो. मला त्याचा हात बघायला आवडतं.

चारही बोल्ट घातले, वॉशर घातले, आट्यांना निळा थ्रेडलॉकर लावला. छोट्या पुलीचा ग्रब स्क्रू दांड्याच्या सपाट भागावर बरोबर बसलाय ना हेही बघितलं. तो गोल भागावर बसला तर पट्टा निर्दोष असतानाही पुली दांड्यावर फिरते आणि हुबेहूब पट्टा घसरल्यासारखं वाटतं. दोन्ही पुल्यांवर फूटपट्टी टेकवून त्या एका रेषेत आणल्या. रेषेत नसल्या की पट्टा एका कडेला घासून काळी भुकटी पाडतो. नातू एक स्प्रे घेऊन आला होता, तो मी परत पाठवला. रबरी पट्ट्याला तेलकट काही लावू नये. आवाज दोन दिवस दबतो आणि रबर कायमचं खराब होतं.

मग तोच उतार, तोच ब्रेक. टर्रर्र नाही. पंचम वरून खाली षड्जाकडे घसरत आला, सलग मींड घेतल्यासारखा, आणि बोर्ड थांबला.

हे सगळं तळघरातच का, असं कोणी विचारेल. व्हाइटफील्डमध्ये इनर सर्कल नावाचा जुना गोल रस्ता आहे. म्हैसूरच्या महाराजांनी १८८२ च्या सुमारास अँग्लो-इंडियन मंडळींच्या संस्थेला वसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली, त्या संस्थेच्या डी. एस. व्हाइट यांच्यावरून गावाला नाव पडलं, आणि त्या वसाहतीचा हा गोल आजही टिकून आहे. पहाटे तिथे स्केटबोर्ड किती सुंदर फिरेल हे मलाही दिसतं. पण आपल्याकडच्या नियमांत २५० वॉटपेक्षा कमी शक्तीचं आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारं बॅटरीचं वाहन तेवढं मोटार वाहनाच्या व्याख्येतून सुटतं. नातवाची एकेक मोटर त्याच्या कितीतरी पट आहे आणि अशा बोर्डाला नंबरप्लेट द्यायची सोय कुठल्याच कचेरीत नाही. तेव्हा सोसायटीचा आतला रस्ता, हेल्मेट, मनगटाचे गार्ड, आणि पुढे नाही, हा आमच्यातला करार.

गंमत म्हणजे फाटकाबाहेरच्या रस्त्यावर अशाच पट्ट्यांची गर्दी आहे. एथर ४५० ही विजेची स्कूटर २०१८ मध्ये आली. ती सुरुवातीला व्हाइटफील्डच्याच कारखान्यात बनत असे, पुढे कारखाना होसूरला गेला. तिच्याही मागच्या चाकाला मोटरची ताकद दात्यांच्या पट्ट्यानेच पोहोचते. बेळगावात १८८८ साली सायकलचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४६ मध्ये याच बंगळुरूत विजेच्या मोटरांची कंपनी उभी केली. त्या मोटरांनी किती गिरण्यांचे पट्टे ओढले असतील! पेट्रोलच्या इंजिनाचा धडधडाट होता तोवर बारीकसारीक आवाज त्याखाली झाकले जायचे. विजेच्या गाडीत ते उघडे पडतात आणि लोकांना वाटतं, नव्या गाड्याच फार कुरकुरतात.

आता नातवाचे दोन मित्र आपापले बोर्ड घेऊन येतात आणि “आजोबा, जरा ऐकता का?” म्हणतात. त्यांना जे सांगतो तेच तुम्हालाही. टकटक असेल तर ठिपके देऊन मोजा, घाई नाही, रविवारपर्यंत थांबलात तरी चालेल. पण ब्रेक लावताना एकदा जरी टर्रर्र ऐकू आली, तर तिथेच उतरा, बोर्ड काखेत मारा आणि चालत घरी या. मोटर ज्या पट्टीवर बसते तिचे बोल्ट बघितल्याशिवाय त्यावर पुन्हा पाय ठेवू नका.